ठाण्याच्या वस्त्यांचा चित्रकार

ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत कुलदैवतांची स्थाने, घराण्यांच्या वंशावळी, ज्ञातीतील कर्तृत्ववान स्त्रीपुरुषांची चरित्रे आणि परीक्षांत सुयश मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. प्रस्तुत लेखकानेही याच पृष्ठांतून दोन-तीन घराण्यांचे वृत्तांत वाचकांस सादर केले आहेत. यंदा मात्र विषय घराण्याचा न घेता गावाचा घ्यावा, असे मनात आले. आपण ज्या ठाणे शहरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिलो त्या शहराच्या वस्त्यांची चित्रे ज्यांनी जन्मभर काढली, ते डॉक्टर सुधीर पटवर्धन हा या लेखाचा विषय होय. विषय ऐकल्यावर मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला पहिला प्रश्न केला तो चित्रकाराच्या जातीविषयी. मी त्यांस म्हणालो, लेख छापून आल्यावर वाचा. आणि मग हा प्रश्न पुन्हा विचारावासा वाटला तर अवश्य विचारा.

ठाण्याचा इतिहास आपणांस शाळेत शिकविला गेला तो साधारण असा. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली कौपिनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. १८६३ साली नगरपालिका स्थापन झाली. मी स्वतः हाच इतिहास पस्तीस-अडतीस वर्षे फळ्यावर लिहिला आणि मुलांकडून पाठ करून घेतला. त्यात चूक काही नाही. परंतु या इतिहासात किल्ला आहे, देऊळ आहे, आगगाडी आहे. त्या आगगाडीतून रोज सकाळी डबा घेऊन जाणारा माणूस मात्र नाही. आगगाडीच्या आरंभकाळातील खाडीपुलाची चित्रे आजही पुस्तकांतून छापली जातात. त्या चित्रांत कमानी सुबक आहेत, पण गावात कोण राहत होते ते त्यांवरून कळत नाही.

ही उणीव मुंबईच्या बाबतीत काही अंशी भरून निघाली याचे श्रेय रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांना द्यावयास हवे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच शिक्षक झाले व १९३१ साली निवृत्त झाले. त्या वर्षांच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या नावाने लिहिल्या. पौराणिक व ऐतिहासिक चित्रांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. परंतु कलाशाळेतून बाहेर पडले की क्रॉफर्ड मार्केट, काळबादेवी, भुलेश्वर हा सारा भरगच्च मुलूख हाकेच्या अंतरावर होता, आणि त्यातील माणसे धुरंधरांच्या पेन्सिलीखाली आल्याविना राहिली नाहीत. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांच्या शहरवर्णनपर पुस्तकासाठी त्यांनी १९१२ साली चित्रे काढून दिली. कोणत्या जातीची पगडी कशी बांधली जाते, कोणत्या बाईच्या लुगड्याचा काष्टा कोठे खोचला जातो, यांत त्यांचा हात सहसा चुकत नसे. माझे मत विचाराल तर या कौशल्यातच एक मर्यादाही होती. पुस्तके साहेबांची होती. साहेबांस हवे होते ते नमुने. हा कोळी, हा मेमण, ही प्रभूची बायको, असे. धुरंधरांच्या मायेने त्या नमुन्यांत प्राण फुंकला हे खरे. तरीही चित्राखालचे नाव वाचले की माणूस मागे पडतो व जात पुढे येते. आपल्या स्मरणिकांचेही पुष्कळदा तसेच होते.

आता ठाण्याकडे येतो. सुधीर पटवर्धन यांचा जन्म पुण्यात १९४९ साली झाला. तेथील सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ मध्ये पदवीधर झाले, पुढील वर्षी मुंबईस आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. चित्रकला त्यांनी बहुतांशी स्वतःच्या अभ्यासाने साध्य केली. दिवसा माणसांच्या छातीचे व हाडांचे फोटो पाहावयाचे आणि उरलेल्या वेळी त्याच माणसांना अंगावरच्या कपड्यांसह, कातडीसह, थकव्यासह कापडावर उतरवावयाचे, असा हा दुहेरी उद्योग होता. क्ष-किरणांच्या काचेवर सगळ्यांच्या बरगड्या सारख्याच दिसतात. कदाचित म्हणूनच त्यांच्या चित्रांत माणूस ओळखू येतो तो पगडीवरून नव्हे, तर त्याच्या उभे राहण्यावरून. खांदे कसे उतरले आहेत, हात किती जड झाला आहे, मान कोणत्या बाजूस कलली आहे, यावरून तो काय काम करून आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

त्यांचा येथील काळही ध्यानात घेतला पाहिजे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेट येथे उभी राहिली. पोखरण रस्त्यांच्या बाजूस मोठमोठे कारखाने होते. रेमंडची गिरणी तर १९२५ पासूनची. १९६१ च्या शिरगणतीत ठाण्याची वस्ती सुमारे एक लाख होती, ती २०११ मध्ये अठरा लाखांवर गेली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व लाखो कुटुंबांची घडी विस्कटली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ठाण्याची महानगरपालिका झाली. आम्ही नौपाड्यात राहणारे लोक त्या काळी काय करीत होतो? वाड्या पाडून दुमजली-तिमजली इमारती बांधीत होतो, गोखले रस्त्यावर खरेदी करीत होतो, १९७८ च्या अखेरीस गडकरी रंगायतन उघडल्यावर नाटके पाहत होतो. तीन हात नाक्यापलीकडे काय चालले आहे याची आम्हांस वार्ता होती, पण ओळख नव्हती. माझी गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी, कारण मी रोज तिकडेच जात असे. ती पुढे सांगतो.

पटवर्धनांच्या आरंभीच्या चित्रांपैकी ‘इराणी रेस्टॉरंट’ हे १९७७ चे आणि ‘ट्रेन’ हे १९८० चे. चित्रांची नावे त्यांनी इंग्रजीत दिली आहेत, पण त्यांतील माणसे मराठीत जांभई देणारी आहेत, असे पाहणाऱ्यास वाटते. इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलेल्या मनुष्याची मूर्ती एखाद्या शिळेसारखी घट्ट आहे. लोकलच्या डब्यातील चित्रात दाटी आहे आणि त्या दाटीत प्रत्येक जण एकटा आहे. ठाण्याहून आठ-वीसची गाडी पकडणाऱ्या कोणाही गृहस्थास हे पटेल. मात्र हे पटण्यास मला बराच काळ लागला, हे कबूल केले पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचे एक चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा माझे मन नाराज झाले. आमच्या पिढीस चित्र म्हटले की गोड मुखवटा, सोनेरी काठ आणि मागे संध्याकाळ एवढे हवे असे. हे दणकट, सावळे, बनियनमधले लोक चौकटीत कशाकरता, असे वाटून मी ती पुरवणी डब्याला गुंडाळली.

१९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ या नावाचे एक प्रदर्शन झाले. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम्, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन या सहाजणांची चित्रे त्यात होती. त्या काळच्या नव्या चित्रकलेतून ओळखीचा माणूस मागे सरत चालला होता. त्याला पुन्हा जागा करून द्यावी, असा त्या प्रदर्शनाचा रोख होता. पुढे पटवर्धनांच्या चित्रांची चौकट रुंदावत गेली. एका माणसावरून ते संपूर्ण वस्तीवर आले. १९८५ चे ‘नाला’, १९९१ चे ‘पोखरण’ आणि २००१ मधील ‘उल्हासनगर’ व ‘लोअर परळ’ ही त्या प्रकारची प्रसिद्ध चित्रे होत.

या मोठ्या चित्रांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती छायाचित्रासारखी वाटतात व तशी नाहीत. छायाचित्र एका जागेवरून, एका क्षणी निघते. पटवर्धनांच्या चित्रात उभे राहिले तर समोरची भिंत आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असते, पलीकडचा रस्ता गच्चीवरून पाहावा तसा खाली असतो, आणि त्यापलीकडची वस्ती रेल्वेच्या पादचारी पुलावरून पाहावी तशी पसरलेली असते. म्हणजे चित्रकार एका जागी उभा नाही. तो हिंडला आहे, चढला आहे, उतरला आहे आणि मग ते सारे हिंडणे त्याने एका कापडावर सांधले आहे. आपणही आपली गल्ली अशीच जाणतो. खिडकीतून दिसलेली, जिन्यातून दिसलेली, दूध आणावयास जाताना दिसलेली आणि रात्री उशिरा परतताना दिसलेली गल्ली मनात एकच होऊन बसते.

ही पद्धत जगात नवी नाही. इटलीतील सिएना नगरात आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८–३९ मध्ये नगरसभागृहाच्या भिंतीवर चांगल्या राज्यकारभाराने नगरास काय लाभते, याचे भव्य चित्र रंगविले. त्यात चांभार आहे, गवंडी आहेत, माल लादलेली गाढवे आहेत आणि, हे लिहिताना मला व्यवसायबंधू म्हणून आनंद होतो, विद्यार्थ्यांपुढे बसलेला एक शिक्षकही आहे. नगरावर राज्य करणाऱ्या नऊ जणांची सभा त्या चित्राखाली बसत असे. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा ते लोक भिंतीवरून पाहत आहेत, ही कल्पना मला फार आवडते. लोरेन्झेत्तीचे नगर मात्र सुखी आहे. पटवर्धनांची वस्ती सुखी आहे असे म्हणवत नाही आणि दुःखी आहे असेही म्हणवत नाही. तेथे माणसे आपापल्या कामात आहेत.

ज्याला आपण जिव्हाळा म्हणतो तो या चित्रांत कोठे आहे, असा प्रश्न एखादा वाचक करील. वस्तीची घाण त्यांनी लपविली नाही, म्हणून त्यांस वस्तीचे प्रेम नाही असे समजावयाचे काय? मला उलट वाटते. परक्या घरी आपण फक्त दिवाणखाना पाहतो. मोरी पाहतो ती स्वतःच्या घरची. ‘नाला’ या विषयाला भले थोरले कापड द्यावेसे वाटणे, त्याच्या काठची घरे एकेक करून रंगविणे, हे काम दिवसचे दिवस चालते. आणि ज्या वस्तूचा कंटाळा आहे ती कोणी इतके दिवस पाहत बसत नाही.

त्यांच्या मनात संशय नव्हता असे मात्र नव्हे. तरुणपणी मार्क्सवादी विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि आपण एक सुस्थित डॉक्टर असून श्रमिकांची चित्रे कोणत्या अधिकाराने काढतो, हा प्रश्न ते स्वतःस विचारीत आले. रणजित होस्कोटे यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर’ आहे. पाहणारा, पण जे चालले आहे त्यात स्वतःही भागीदार असलेला, असा त्याचा आशय. मुंबईत १९९२–९३ चे दंगे झाले. १९९६ मध्ये त्यांनी ‘रायट’ हे चित्र काढले. ज्या रस्त्यावरची माणसे वीस वर्षे मायेने पाहिली, तीच एके दिवशी एकमेकांवर उठली, तर चित्रकाराने पुढे काय पाहावयाचे? पुढच्या काळात त्यांच्या चित्रांत मध्यमवर्गीय घरांच्या खोल्या, म्हातारपण, कुटुंब हे विषय अधिकाधिक येऊ लागले. काही जाणकारांस यात माघार दिसली असेल. मला तसे वाटत नाही. इतरांच्या घरांकडे इतकी वर्षे पाहणाऱ्याने आपल्याही घराचा दरवाजा उघडावा, यात न्यायच आहे.

आणखी एक काम उल्लेखनीय आहे. मुंबई-दिल्लीबाहेरच्या माणसास चांगले मूळ चित्र पाहावयास मिळत नाही, हे जाणून २००८–०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचे आधुनिक भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शिक्षकाचा स्वभाव असल्यावाचून हे सुचत नाही.

आता माझी गोष्ट. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, पुढे शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका शाळेत लागलो. मुले कामगारांची, हमालांची, फेरीवाल्यांची. दर शुक्रवारी चित्रकलेचा तास असे. मी फळ्यावर शब्द लिहीत असे, ‘देखावा’. चाळीस मुले चाळीस कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, एक झोपडी आणि एक नारळ काढीत. डोंगर शाळेच्या खिडकीतून खरोखर दिसत असे, तो येऊरचा. झोपड्याही खऱ्या होत्या. नदी आणि नारळ मात्र कोणाच्याही घराजवळ नव्हते. एका वर्षी चौथीतील एका मुलीने निराळेच काही काढले. कागदाच्या एका कोपऱ्यात नळ आणि तेथून सुरू होऊन सबंध कागदावर नागमोडी फिरत गेलेली हंड्यांची रांग. हंडे म्हणजे नुसती वर्तुळे, पण प्रत्येकाचा रंग वेगळा आणि एकावर पोचा पडल्याची खूणही केलेली. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, देखावा. मी त्या चित्रास दहांपैकी तीन गुण दिले आणि डोंगर काढून आणण्यास सांगितले. पुढच्या शुक्रवारी तिने डोंगर काढून आणले.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांच्या जन्मभराच्या कामाचे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे मोठे प्रदर्शन भरले. नॅन्सी अदजानिया यांनी ते रचले होते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फार आग्रह केला म्हणून मी गेलो. ठाण्याहून गाडीने शिवाजी टर्मिनस व तेथून चालत. वस्त्यांच्या त्या विशाल चित्रांपुढे बाक होते की नाही हे आता आठवत नाही. मी उभाच राहिलो असेन. मी रोज ज्या रस्त्याने शाळेत जात असे त्या बाजूचा मुलूख भिंतीवर होता. पत्र्याची छपरे, पाण्याचे पाइप, अर्धवट बांधकामे, त्यांमधून वाट काढणारी माणसे. चित्र पाहता पाहता मी त्यात काहीतरी शोधू लागलो, आणि काही वेळाने लक्षात आले की मी नळ शोधतो आहे.

सहकाऱ्याने विचारले, काय झाले? मी म्हणालो, काही नाही, पाय भरून आले. ती मुलगी आता पन्नाशीच्या आसपास असेल. तिचे नाव मला आठवते, परंतु येथे लिहीत नाही.

आमच्या नौपाड्याविषयी दोन शब्द लिहून लेख संपवितो. ज्या इमारतीत माझे आयुष्य गेले ती पुनर्विकासास जाणार आहे. सभासदांच्या सभेत विकासकाने नव्या इमारतीचे रंगीत माहितीपत्रक वाटले. त्यात बुरुजासारखी उंच इमारत आहे, हिरवळ आहे, आणि हिरवळीवर फिरणारी माणसे कोणत्या देशची आहेत ते समजत नाही. जिन्याखालचा इस्त्रीवाला, फाटकापाशी बसणारी भाजीवाली, कोपऱ्यावरचा चांभार यांपैकी कोणीही त्या चित्रात नाही. मी सभेत तसे विचारले. सगळे हसले, मीही हसलो. कोणावर दोष ठेवावा असे त्यात काही नाही, आपणा सर्वांस नवी घरे हवीच आहेत, जिने चढून माझेही गुडघे झिजले. परंतु इस्त्रीवाला त्या जिन्याखाली एकतीस वर्षे आहे आणि आपल्या ज्ञातीतील किती लग्नांचे सदरे त्याच्या हातून गेले याचा हिशेब कोणत्याही वंशावळीत सापडणार नाही.

म्हणून मंडळास एक विनंती आहे. पुढील वर्षी चित्रकला स्पर्धेचा विषय ‘देखावा’ न ठेवता ‘माझी गल्ली’ असा ठेवावा, आणि गुण देण्यास मला बोलावू नये. मी अद्याप शिकतो आहे. गेल्या महिन्यात चौकडीची वही व पेन्सिल घेऊन जिन्यासमोर स्टूल टाकून बसलो. इस्त्रीवाल्याचे टेबल काढावयास घेतले. तीन पाय बरे जमले, चौथा कागदाबाहेर गेला. त्याने काम थांबवून वहीत डोकावून पाहिले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “मास्तर, सगळे आले, इस्त्री राहिली.”